‘पुढे जाण्यासाठी आपली परवानगी हवी आहे’ : विंडोज व्हिस्टातील संमती-पृच्छेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रांना, त्यांच्या निर्मात्यांना आणि कंपन्यांमधील स्पर्धेला मोठे स्थान मिळालेले आहे. त्या मानाने संगणकासमोर बसणाऱ्या सामान्य माणसाला यंत्राने काय विचारले, त्याने काय उत्तर दिले आणि त्या उत्तराची जबाबदारी अखेर कोणावर पडली, या प्रश्नांची चर्चा कमी झाली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे प्रश्न परके वाटण्याचे कारण नाही. परवाना, दस्तक, सही, अंगठा ही सत्ता आणि सामान्य माणूस यांच्या संबंधांची साधने आहेत आणि त्यांचा अभ्यास आपण करीतच आलो आहोत. संगणकाच्या पडद्यावर येणारी परवानगीची चौकट हे त्याच मालिकेतील एक अलीकडचे साधन होय.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज व्हिस्टा ही कार्यप्रणाली ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी उपलब्ध झाली. या प्रणालीत यूझर अकाउंट कंट्रोल, संक्षेपाने यूएसी, नावाची एक नवी व्यवस्था होती. नवे सॉफ्टवेअर बसवावयाचे असो वा यंत्राची एखादी मांडणी बदलावयाची असो, पडदा एकाएकी काळवंडे, मध्यभागी एक चौकट येई आणि पुढे जाण्यास परवानगी आहे काय, असे विचारी. जगभरच्या वापरकर्त्यांना या चौकटीचा मनस्वी त्रास झाला. अनेकांनी ती व्यवस्थाच बंद करून टाकली. व्हिस्टाच्या अपकीर्तीच्या अनेक कारणांत या चौकटीचा क्रमांक बराच वरचा लागतो.

प्रस्तुत लेखात या पृच्छेची पूर्वपीठिका, तिची रचना आणि तिचे परिणाम यांचा ऐतिहासिक पद्धतीने विचार केला आहे. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, हा प्रश्न वापरकर्त्याला विचारला जात असला तरी त्याचा खरा रोख सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांकडे होता. दोन व्यावसायिक पक्षांमधील जुन्या देण्याघेण्याचा हिशेब चुकता करताना त्रासाचा भार तिसऱ्यावर, म्हणजे घरी वा कार्यालयात बसलेल्या माणसावर, टाकण्यात आला.

सामाईक यंत्र आणि अधिकारांची विभागणी

परवानगीचा प्रश्न मुळात सामाईक यंत्रातून निर्माण झाला. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी संगणक हे मोठ्या विद्यापीठालाही कसेबसे परवडणारे यंत्र होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावयाचे, तर एकाच्या फायली दुसऱ्यापासून सुरक्षित राहावयास हव्यात. त्यासाठी या प्रणालीत पासवर्डचा अवलंब करण्यात आला. पुढे याच संस्थेने जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांच्यासह मल्टिक्स हा महत्त्वाकांक्षी प्रकल्प हाती घेतला. मल्टिक्समध्ये एकात एक अशी संरक्षणाची वलये कल्पिलेली होती. गडाचा महादरवाजा ओलांडणाऱ्या प्रत्येकाला बालेकिल्ल्यात प्रवेश मिळत नाही, तसाच काहीसा हा प्रकार होता. बाहेरच्या वलयातील प्रोग्रॅमला आतील वलयातील काम करून घ्यावयाचे असेल, तर ठरावीक दारातूनच जावे लागे.

बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये या प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यानंतर तेथील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही आटोपशीर प्रणाली उभी केली. युनिक्समध्ये अधिकारांची विभागणी अगदी सोपी होती : एक सर्वाधिकारी, ज्याला ‘रूट’ म्हणत, आणि बाकी सर्व सामान्य. सामान्य वापरकर्त्याला काही काळ दुसऱ्याची, विशेषतः सर्वाधिकाऱ्याची, भूमिका घेता यावी यासाठी ‘एसयू’ ही आज्ञा होती. १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत तिची नोंद सापडते.

रिची यांची याहून मोठी कल्पना म्हणजे ‘सेटयूआयडी’ ही खूण होय. तिला १९७९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. तिचे काम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आपला पासवर्ड बदलण्याचा हक्क प्रत्येकाला हवा. परंतु ज्या फायलीत सर्वांचे पासवर्ड नोंदलेले आहेत तिला हात लावण्याचा हक्क कोणाही सामान्य माणसाला असता कामा नये. यावर तोडगा असा काढण्यात आला की, पासवर्ड बदलणाऱ्या विशिष्ट प्रोग्रॅमवर ही खूण करावयाची; मग तो प्रोग्रॅम कोणीही चालविला तरी तेवढ्या कामापुरता तो आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतो. येथे एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात घ्यावयास हवी. या साऱ्या व्यवहारात वापरकर्त्याला ‘परवानगी आहे काय’ असा प्रश्न कोणीही विचारीत नाही. कोणत्या कामाला किती अधिकार लागतो याचा निर्णय प्रणाली रचणाऱ्याने आधीच घेऊन ठेवलेला असतो.

१९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणक विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडू’ ही आज्ञा लिहिली. सर्वाधिकाऱ्याचा पासवर्ड सर्वांना न सांगता, निवडक माणसांना निवडक कामापुरता अधिकार देणे हा तिचा हेतू होता. येथे प्रश्न येतो खरा, परंतु तो वापरकर्त्याने स्वतः ओढवून घेतलेला असतो. आपण काहीतरी अधिकाराचे काम करीत आहोत हे माहीत असल्यामुळेच तो आज्ञेच्या आधी ‘सुडू’ हा शब्द टंकित करतो. माणसाने यंत्राकडे अधिकार मागणे आणि यंत्राने माणसाला अचानक हटकणे यांतील हे अंतर पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

या काळातील सैद्धान्तिक विचाराचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मल्टिक्सच्या अनुभवातून गेलेले जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात संरक्षणव्यवस्थेची आठ रचनातत्त्वे मांडलेली आहेत. प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक माणसाला त्याच्या कामापुरताच, किमान अधिकार द्यावा, हे त्यांपैकी एक. आठवे तत्त्व मानसिक स्वीकारार्हतेचे. संरक्षणाची व्यवस्था माणसाला सहज, नकळत आणि योग्य रीतीने वापरता आली पाहिजे. त्याच्या मनातील कल्पनेशी ती जुळली पाहिजे, अन्यथा तो चुका करील, असा त्याचा आशय आहे. व्हिस्टाच्या कर्त्यांनी पहिले तत्त्व अंगीकारले. आठव्याचे काय झाले, ते पुढे दिसेलच.

वैयक्तिक संगणक : दारे असलेला, कड्या नसलेला वाडा

१९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक डॉस प्रणालीसह बाजारात आला, तेव्हा वरील सर्व विचार बाजूस पडला. ज्या यंत्रापुढे एकच माणूस बसणार, तेथे कोणाचे कोणापासून संरक्षण करावयाचे? यंत्र ज्याचे, सत्ता त्याची. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये नाव आणि पासवर्ड विचारणारी खिडकी होती. परंतु एस्केपची कळ दाबली की ती नाहीशी होई आणि माणूस थेट आत जाई. ती खिडकी राखणीसाठी नव्हती. कोणाची मांडणी पडद्यावर आणावयाची एवढेच तिला जाणून घ्यावयाचे असे.

मायक्रोसॉफ्टला याहून चांगले काही करता येत नव्हते असे नाही. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतून आलेल्या डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली विंडोज एनटी ही प्रणाली जुलै १९९३ मध्ये सिद्ध झाली होती. तीत प्रत्येक फायलीवर कोणाला कोणता हक्क आहे याची सविस्तर यादी ठेवण्याची सोय होती. परंतु ही प्रणाली कार्यालयांसाठी होती. घराघरांत ९५, ९८ आणि मी या आवृत्त्याच नांदत राहिल्या.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आली आणि एनटीचा भक्कम पाया प्रथमच घरगुती संगणकाला लाभला. पाया बदलला तरी राहणी मात्र जुनीच राहिली. एक्सपी बसविताना घरातील माणसांची जी खाती उघडली जात, ती सर्व प्रशासकाच्या अधिकाराची असत. याचे कारण तांत्रिक नव्हते, ते आर्थिक होते. गेल्या सहा-सात वर्षांत तयार झालेली असंख्य सॉफ्टवेअरे, मग ते खेळ असोत वा हिशेबाचे प्रोग्रॅम, आपण मालकाच्या घरात आहोत असे गृहीत धरून लिहिलेली होती. ती आपल्या नोंदी बेधडक ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये किंवा सामाईक रजिस्ट्रीमध्ये लिहीत. मर्यादित अधिकाराच्या खात्यात ती सुरूच होत नसत, किंवा मध्येच बंद पडत. ग्राहक अर्थातच नव्या विंडोजला दोष देणार. त्यापेक्षा सर्वांना प्रशासक करून टाकणे सोपे होते. ‘रन अ‍ॅज’ ही आज्ञा विंडोज २००० पासून उपलब्ध होती, पण ती जाणकारांपुरतीच राहिली.

अशा रीतीने एक दुष्टचक्र तयार झाले. सर्वजण प्रशासक असल्यामुळे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मर्यादित खात्याचा विचार करण्याची गरज वाटत नव्हती, आणि सॉफ्टवेअरे तशी लिहिलेली असल्यामुळे कोणालाही मर्यादित खाते वापरता येत नव्हते. यूएसीचा जन्म या चक्रातून झाला आहे.

२००२ चे पत्र

दरम्यान इंटरनेटने यंत्राचे एकटेपण संपविले होते. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा विषाणू ई-मेलद्वारे जगभर पसरला. जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ने चौदा तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक यंत्रे ग्रासली. सप्टेंबरात ‘निम्डा’ आला. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी कंपनीतील सर्वांना पत्र पाठवून विश्वासार्हता ही यापुढे नव्या सोयींपेक्षा महत्त्वाची मानावी, असे बजावले. त्यानंतर विंडोजचे काम काही काळ थांबवून सुमारे ८,५०० अभियंत्यांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देण्यात आले. २००३ मध्ये ‘स्लॅमर’ आणि ‘ब्लास्टर’ आलेच. तेव्हा हे संकट एका पत्राने टळणारे नव्हते.

या घटनाक्रमाचा आणि यूएसीचा संबंध सांगताना थोडी सावधगिरी बाळगणे इष्ट ठरेल. कोड रेड, स्लॅमर आणि ब्लास्टर हे प्रणालीच्या सेवांमधील छिद्रांतून शिरले. समोर बसलेल्या माणसाच्या परवानगीचा तेथे प्रश्नच नव्हता. ‘आय लव्ह यू’चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. त्याने माणसाची छायाचित्रे व अन्य फायली खोडल्या आणि त्याच्या परिचितांना पत्रे पाठविली. या दोन्ही कृत्यांना प्रशासकाचा अधिकार लागत नाही. स्वतःच्या फायली पुसण्याचा हक्क सामान्य खात्यालाही असतोच. म्हणजे परवानगीची चौकट यंत्राचे रक्षण करते, यंत्रातील माणसाच्या ऐवजाचे नव्हे. विंडोज पुन्हा बसविता येते. प्रबंधाची एकुलती एक प्रत पुन्हा बसविता येत नाही. हा विवेक यूएसीच्या जाहिरातीत कधी फारसा दिसला नाही.

व्हिस्टातील पृच्छा : रचना आणि अनुभव

लाँगहॉर्न या सांकेतिक नावाने सुरू झालेले व्हिस्टाचे काम ऑगस्ट २००४ मध्ये जवळजवळ नव्याने आरंभावे लागले. किमान अधिकाराची योजना त्यात टिकून राहिली. तिचे नाव मात्र एक-दोनदा बदलले आणि शेवटी यूझर अकाउंट कंट्रोल असे स्थिरावले.

तिची रचना तांत्रिक दृष्ट्या कल्पक होती, हे मान्य करावयास हवे. प्रशासक संगणकात प्रवेश करतो तेव्हा त्याच्यासाठी जणू दोन ओळखपत्रे तयार होतात : एक पूर्ण अधिकाराचे, दुसरे छाटलेल्या अधिकाराचे. रोजची सर्व कामे दुसऱ्या ओळखपत्रावर चालतात. पहिले काढण्याची वेळ आली की चौकट उघडते. प्रशासकाला केवळ संमती द्यावी लागते. सामान्य खातेदाराला एखाद्या प्रशासकाचा पासवर्ड द्यावा लागतो. चौकटीचे रंगही ठरलेले होते. विंडोजच्याच भागासाठी निळसर हिरवा, ज्ञात कंपनीच्या स्वाक्षरीच्या प्रोग्रॅमसाठी राखाडी, अज्ञातासाठी पिवळा आणि निषिद्धासाठी तांबडा.

पडदा काळवंडण्याचा प्रकार अनेकांना निव्वळ भपका वाटला. वास्तविक त्यामागे ठोस कारण होते. एक प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीतील बटण माऊस दाबल्याचे सोंग करून दाबू शकतो. चौकट नेहमीच्या पडद्यावर आली असती, तर घुसखोर प्रोग्रॅमने स्वतःच ‘होय’ म्हणून घेतले असते. म्हणून ती एका वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर दाखविली जाई आणि मागे मूळ पडद्याचे मळकट चित्र ठेवले जाई. जुन्या सॉफ्टवेअरांची सोयही पाहिली होती. एखादा प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहू लागला, तर त्याला न कळू देता ते लेखन वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरकडे वळविले जाई.

परंतु कित्येक ठिकाणी अंदाजपंचे कारभार होता. ज्या जुन्या प्रोग्रॅमच्या नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’ किंवा ‘अपडेट’ असे शब्द असतील, तो अधिकार मागणारच, असे व्हिस्टा गृहीत धरी. पोलंडमधील सुरक्षातज्ज्ञ जोआना रुत्कोव्स्का यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये यावर अचूक बोट ठेवले. टेट्रिससारखा एखादा किरकोळ खेळ बसवावयाचा, तरी त्याच्या स्थापकाला संपूर्ण यंत्राची सत्ता द्यावी लागते. नाही म्हटले तर खेळच बसत नाही. या दोहोंच्या मधला मार्ग चौकटीत नव्हता. प्रस्तुत लेखकास ही टीका यूएसीवरील सर्वांत मार्मिक टीका वाटते, कारण ती प्रश्नांच्या संख्येविषयी नसून प्रश्नाच्या स्वरूपाविषयी आहे. ‘सर्व काही द्या किंवा काहीच नको’ असा प्रश्न विचारून मिळालेले उत्तर हे संमती या शब्दास कितपत पात्र ठरते?

सामान्य ग्राहकाची तक्रार मात्र संख्येचीच होती. २००६ मधील चाचणी आवृत्त्यांपासूनच ती सुरू झाली. सर्वांसाठी असलेले डेस्कटॉपवरील एखादे चिन्ह पुसावयाचे, तरी एकामागून एक पृच्छांना तोंड द्यावे लागे. अंतिम आवृत्तीत हे प्रमाण कमी झाले, तरी नवा संगणक आणल्यानंतरचे पहिले काही दिवस, जेव्हा प्रिंटर, छपाईचे टंक, विषाणूरोधक असे सर्व काही बसवावयाचे असते, फार जाचक ठरत. फेब्रुवारी २००७ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या दूरदर्शन जाहिरातमालेत व्हिस्टाची यथेच्छ टर उडविली. तीत पीसीच्या पाठीशी काळ्या चष्म्याचा एक अंगरक्षक उभा असून संभाषणातील प्रत्येक वाक्याला तो पीसीची परवानगी मागतो. त्या तीस सेकंदांनी व्हिस्टाची जी प्रतिमा निर्माण केली, ती पुसणे मायक्रोसॉफ्टला अखेरपर्यंत साधले नाही.

भाषेचाही प्रश्न होता. विंडोजचा दर्शनी भाग मराठीतून दाखविणारे भाषापॅक उपलब्ध होते. परंतु आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांतून इंग्रजी विंडोजच वापरली जाई. प्रस्तुत लेखकाने वर्गातून वारंवार पाहिले आहे की, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अशी चौकट वाचत नाही. तिच्यातील बटणाची जागा लक्षात ठेवतो. बँकेच्या अर्जावर जेथे फुली मारलेली असेल तेथे सही करावी, तसे. हा दोष विद्यार्थ्याचा मानणे अन्यायाचे होईल. कारण इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे त्यांचीही अवस्था फारशी वेगळी नव्हती, हे पुढील आकड्यांवरून दिसून येते.

रोख कोणाकडे?

एप्रिल २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील आरएसए परिषदेत मायक्रोसॉफ्टचे अधिकारी डेव्हिड क्रॉस यांनी एक आश्चर्यकारक विधान केले. वापरकर्त्यांना त्रास व्हावा म्हणूनच यूएसी प्रणालीत घातली, आणि हे आपण गंभीरपणे सांगत आहोत, अशा आशयाचे ते विधान होते. त्यामागील तर्क असा : ग्राहक त्रासले की ते सॉफ्टवेअर कंपन्यांकडे तक्रार करतील, मग त्या कंपन्या विनाकारण प्रशासकाचा अधिकार मागणारी आपली सॉफ्टवेअरे सुधारतील. वर वर्णिलेले दुष्टचक्र तोडण्याचा हा उपाय होता.

तो उपाय लागू पडला काय? कंपनीच्या अभियंत्यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली आकडेवारी या दृष्टीने मोलाची आहे. अशी पृच्छा उद्भवविणाऱ्या निरनिराळ्या प्रोग्रॅमांची संख्या प्रारंभी ७,७५,३१२ होती; ती ऑगस्ट २००८ पर्यंत १,६८,१४९ वर आली. व्हिस्टा नवी असताना संगणकावरील निम्म्या बैठकांमध्ये किमान एक पृच्छा येई. पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर हे प्रमाण ३३ टक्क्यांवर उतरले. म्हणजे सॉफ्टवेअर कंपन्यांनी खरोखरच आपली लेखनपद्धती बदलली. क्रॉस यांचा डाव यशस्वी झाला असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु त्याच निवेदनातील इतर आकडे वेगळी कथा सांगतात. व्हिस्टातील ८९ टक्के आणि सर्व्हिस पॅकनंतर ९१ टक्के पृच्छांना लोक ‘होय’ असेच उत्तर देत होते. कंपनीने प्रयोगशाळेत केलेल्या पाहणीत, ही चौकट नेमकी कशासाठी आली हे केवळ १३ टक्के लोकांना सांगता आले. काहींना तर आपण अशी चौकट पाहिल्याचेही स्मरत नव्हते. आणखी एक बाब अशी की, एकूण पृच्छांपैकी सुमारे ४० टक्के पृच्छा खुद्द विंडोजच्याच घटकांकडून येत होत्या. दुसऱ्यांच्या शिस्तीसाठी उगारलेल्या छडीचे इतके फटके घरच्याच मुलांमुळे बसत होते.

येथे त्रासाच्या वाटपाचा प्रश्न उपस्थित होतो. मायक्रोसॉफ्टला सॉफ्टवेअर कंपन्यांवर थेट बंधने घालता आली असती. पण त्यामुळे जुनी सॉफ्टवेअरे एका झटक्यात बंद पडली असती आणि ग्राहक नव्या विंडोजपासून दूर राहिले असते. कंपन्यांना आपली सॉफ्टवेअरे पुन्हा लिहिण्याचा खर्च नको होता. तेव्हा या दोघांमधील दुवा म्हणून ग्राहकाचा वापर झाला. त्याला ना सॉफ्टवेअरची अंतर्गत रचना ठाऊक, ना नकार दिल्यास काय बिघडेल याची कल्पना. शिवाय, काही अनर्थ घडल्यास ‘आपणच परवानगी दिली होती’ असे त्याला सांगण्याची सोय त्यात होती. माहिती न देता मागितलेली संमती ही जबाबदारी हस्तांतरित करते, सत्ता नव्हे.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मेंदूच्या प्रतिमांच्या साहाय्याने दाखविले की, तीच ती सूचना दुसऱ्यांदा पाहतानाच मेंदूतील दृष्टीसंबंधी केंद्रांची हालचाल लक्षणीय प्रमाणात मंदावते. गोष्टीतील गावकऱ्यांनी निदान दोनदा तरी धाव घेतली होती.

विंडोज ७ ची तडजोड

२२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ मध्ये पृच्छांचे प्रमाण ठरविण्यासाठी चार पायऱ्यांची सरकपट्टी देण्यात आली. मूळ मांडणीत विंडोजच्या स्वतःच्या अनेक घटकांना चौकटीविना पूर्ण अधिकार मिळू लागला. त्रास कमी झाला, लोक सुखावले. परंतु जानेवारी २००९ मध्येच, चाचणी आवृत्तीवर प्रयोग करणाऱ्या स्वतंत्र अभ्यासकांनी दाखवून दिले होते की, या सवलतीचा लाभ घेऊन एखादा साधा प्रोग्रॅमही कोणतीही चौकट न येऊ देता संपूर्ण यूएसीच बंद करू शकतो. कंपनीने प्रथम ही रचना हेतुपूर्वक केल्याचे सांगितले. फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात मात्र ती मांडणी बदलण्याचे मान्य केले.

या वादात एक महत्त्वाचा खुलासा मागे पडला. मायक्रोसॉफ्टचे ज्येष्ठ तज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी २००७ मध्येच स्पष्ट लिहिले होते की, यूएसी ही सुरक्षेची सीमा नव्हे. तिला ओलांडण्याची वाट सापडली तर कंपनी तो सुरक्षेतील दोष मानणार नाही. ज्या चौकटीसाठी कोट्यवधी लोकांचे काम दिवसातून अनेकदा थांबविले गेले, तिला तिचे कर्तेच तटबंदी मानीत नव्हते. ती सोयीची एक रेषा होती. हा खुलासा तांत्रिक नियतकालिकांपुरता राहिला. पडद्यावरील चौकटीत तो कधी आला नाही.

पृच्छेचा पुढील प्रवास

यानंतर प्रश्न विचारण्याचे केंद्र संगणकाकडून भ्रमणध्वनीकडे सरकले. अँड्रॉइडच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत अ‍ॅप बसविताना सर्व परवानग्यांची यादी एकदम दाखविली जाई. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी केलेल्या अभ्यासात केवळ १७ टक्के लोक त्या यादीकडे लक्ष देताना आढळले, आणि तिच्या अर्थाविषयीच्या सर्व प्रश्नांची बरोबर उत्तरे ३ टक्के लोकांनाच देता आली. २०१५ च्या अँड्रॉइड ६.० पासून ही परवानगी प्रत्यक्ष गरजेच्या वेळी, एकेका बाबीपुरती मागितली जाऊ लागली. कॅमेरा उघडताना कॅमेऱ्याची परवानगी मागणारा प्रश्न माणसाला निदान समजतो आणि नकार दिला तरी उर्वरित अ‍ॅप चालू शकते. रुत्कोव्स्का यांनी दाखविलेली उणीव येथे अंशतः भरून निघाली, असे म्हणता येईल.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अ‍ॅपलची मॅकओएस कॅटालिना ही आवृत्ती आली. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांना हात लावण्यापूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमला वापरकर्त्याची परवानगी घ्यावी लागेल, असा नियम तीत होता. यंत्राऐवजी माणसाच्या ऐवजाचे रक्षण करण्याचा हा प्रयत्न तत्त्वतः अधिक योग्य दिशेचा होता. परंतु पहिल्या काही दिवसांत चौकटींचा असा वर्षाव झाला की, बारा वर्षांपूर्वीच्या त्या अंगरक्षकाच्या जाहिरातीची आठवण अनेकांनी अ‍ॅपललाच करून दिली.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये विंडोज ११ साठी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन’ या नव्या व्यवस्थेची घोषणा केली. तीत एकाच माणसाची दोन ओळखपत्रे नसून, प्रशासकाच्या कामासाठी प्रणालीनेच सांभाळलेले एक वेगळे, दडविलेले खाते असते. काम संपले की त्याचा अधिकारही संपतो. संमतीसाठी केवळ बटण पुरेसे नसून चेहरा, बोटाचा ठसा किंवा पिन द्यावी लागते. ही व्यवस्था मात्र सुरक्षेची सीमा मानली जाईल, असे कंपनीने या वेळी जाहीर केले आहे. विंडोजच्या घटकांना विंडोज ७ मध्ये मिळालेली बिनचौकटीची सवलत तीत काढून घेण्यात आली आहे. त्यामुळे २००९ मध्ये थांबलेल्या पृच्छांपैकी काही या मार्गाने पुन्हा पडद्यावर येणार आहेत.